समोरची खुर्ची

आमच्या चाचांना परदेशातली एकही भाषा येत नव्हती, आणि परदेशातले सगळे गप्पांचे कार्यक्रम कळायचे. चाचा म्हणजे लातुरात ज्यांच्या केबलच्या ऑफिसात मी नोकरीला होते ते मालक. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाचांनी त्यात टीव्ही आणले, मग गच्चीवर मोठ्या छत्र्या लावल्या आणि अर्ध्या लातूरला केबल दिली. छत्री जरा इकडंतिकडं फिरवली की कुठल्या कुठल्या देशांची चॅनेलं लागायची. गिऱ्हाइकांना त्यांचा काही उपयोग नव्हता. चाचा मात्र दुपारी दुकानात मंदी असली की चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे.

"बेटी, भाषा ऐकू नको," ते मला म्हणायचे. "पहले कुर्सी देख. कोण कुठं बसलाय ते बघ, सगळं कळतंय."

अमेरिकेचा कार्यक्रम लागला की ते म्हणायचे, "हा दवाखाना." कारण तिथं विचारणारा मोठ्या टेबलामागं बसायचा, पाहुणा शेजारच्या खुर्चीत. एकेक पाहुणा यायचा, हसवायचा, जायचा. इंग्लंडमध्ये लांबलचक सोफा असायचा आणि आधीचा पाहुणा न जाता नव्याला जागा करून द्यायला पुढं सरकायचा, म्हणून ती एसटी. फ्रान्समध्ये गोल टेबल. चार विद्वान एकाच वेळी बोलायचे, कुणी कुणाचं ऐकत नसे आणि बोलावणारा खुशाल हसत बसे. चाचा म्हणत, हे तर आपल्या धान्याच्या मोंढ्यातलं हॉटेल आहे, फक्त सौद्याऐवजी पुस्तकं आहेत. इटलीचा कार्यक्रम दुपारी सुरू व्हायचा तो संपायचाच नाही. त्यात माणसं यायची, गायची, भांडायची, रडायची, परत गायची. "लग्न आहे हे," चाचा म्हणाले, "आपण जेवून येऊ, तोवर संपत नाही." पाकिस्तानच्या कार्यक्रमात विचारणारा छातीवर हात ठेवून आधी परवानगी मागायचा आणि मग प्रश्न विचारायचा. तो चाचांना मनापासून आवडायचा, आणि ती भाषा तर त्यांची घरचीच होती.

मला आवडायचा जपानचा. त्यात बोलणारा बोलत असायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचे. ऐकणारा नुसता ऐकायचा. कधी डोळे मोठे करायचा, कधी तोंडावर हात ठेवायचा. ऐकणं हेही काम आहे आणि ते लोकांना दाखवण्यासारखं आहे, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं.

आता आमचा कार्यक्रम, चाचांच्या केबलवर मी घ्यायची तो. दर गुरुवारी संध्याकाळी, थेट. मागं एका क्लासचं फ्लेक्स, पुढं सतरंजी, त्यावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. तो काळ असा होता की लातुरात दर गल्लीत एक क्लास, दर क्लासवर एक फ्लेक्स आणि दर फ्लेक्सवर वीस पोरांचे फोटो असायचे. आमचे पाहुणे त्यातूनच यायचे. कुणी बोर्डात आलेला, कुणी मेडिकलला लागलेली. पण लातुरात पाहुणा एकटा येतो असं मी कधी पाहिलं नाही. पोराबरोबर आई, वडील, चुलते, मामा, क्लासचे सर आणि शेजारचा एक, ज्याची गाडी होती. आधी सत्कार. शाल, नारळ. शाल आमच्याकडं एकच होती. कार्यक्रम संपला की चाचा "इस्त्रीला देतो" म्हणून ती अलगद काढून घ्यायचे. नारळ मात्र पाहुण्याच्या मांडीवर शेवटपर्यंत राहायचा. मग मी विचारायचे, "किती तास अभ्यास करायचास?" पोरगं तोंड उघडायच्या आत चुलते मागून म्हणायचे, "सोळा तास!"

मला याचा भयंकर राग यायचा. मी तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली, नांदेडची, आणि नांदेडची माणसं स्वतःला लातूरपेक्षा जरा वरचीच समजतात. मी चाचांना म्हटलं, आपणही जरा जगासारखं करू. अमेरिकेसारखं टेबल आणू. चाचा हसले, पण त्यांनी एका वकिलाकडून टेबल आणून दिलं. पहिले पाहुणे औराद शहाजनीकडचे एक शेतकरी होते, त्यांनी सोयाबीनचं बियाणं स्वतः तयार केलं होतं. ते आत आले, मला टेबलामागं बसलेली पाहिली आणि उभेच राहिले. "बसा ना," मी म्हटलं. ते बसले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि हात जोडले. तो विहिरीच्या मंजुरीचा अर्ज होता. हे सगळं थेट गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं अर्ज घेऊन आले.

टेबल परत गेलं. चाचा म्हणाले, "आपल्याकडं टेबलामागं साहेब बसतो, बेटी. साहेबाशी कुणी गप्पा मारत न्हाई."

मी ऐकणारी नव्हते. टेबल नको तर नको, पण समोरासमोर दोनच खुर्च्या, नातेवाईक बाहेर, डोळ्यात डोळे घालून थेट प्रश्न, एवढं तरी करायचंच, असं मी ठरवलं. याचा पहिला बळी माझे वडील झाले.

अण्णा शिक्षक होते. औसा तालुक्यातल्या एका गावात, एका संस्थेच्या शाळेत त्यांनी अठरा वर्षं मराठी शिकवलं. आम्ही नांदेडला, ते गावात खोली करून. महिन्यातून दोनदा पिशवीभर वह्या घेऊन एसटीनं घरी यायचे. त्र्याण्णव साली गणपती बुडवायला ते नांदेडला आले, आणि विसर्जनाच्या रात्रीच, पहाटे, जमीन हलली. आमच्याकडं फडताळातली भांडी नुसती वाजली. अण्णांचं गाव राहिलं नाही. ते दुपारच्या एसटीनं निघाले आणि दहा-बारा दिवसांनी परत आले, ते जवळजवळ मुके होऊन. तसे बोलायचे. भाजी काय आणू, बिल भरलं का. पण त्या गावाबद्दल एक अक्षर नाही. संस्थेनं त्यांना दुसऱ्या शाळेत घेतलं, तिथून ते रिटायर झाले. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाला दहावीला बरे मार्क पडले, आणि त्या काळी बरे मार्क पडणं म्हणजे अख्ख्या घराला बदलीची ऑर्डर येणं. भावाच्या क्लाससाठी आम्ही लातुरात दोन खोल्या घेतल्या. आई डब्यासाठी आली, अण्णा आईसाठी, आणि मी कुणालाच नको होते म्हणून.

शिक्षक दिनाच्या आठवड्यातल्या गुरुवारी ठरलेला पाहुणा तापानं पडला. मी अण्णांना अक्षरशः धरून नेलं. शिक्षक दिन आत्ताच झाला, दोन शब्द बोला. समोरासमोर खुर्च्या. सत्कार झाला, नारळ मांडीवर आला, पडद्यावर खाली अण्णांचं नाव, शाळेचं आणि गावाचं नाव फिरायला लागलं. मी विचारलं, शिकवायला आवडायचं का? "हाव." कुठला वर्ग जास्त आवडायचा? "सगळेच." मला वाटलं, असं कसं चालेल, परदेशात तर लोक कॅमेऱ्यापुढं ढसाढसा रडतात. मी त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "अण्णा, भूकंपात तुमच्या शाळेतली किती मुलं गेली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग शर्टाला लावलेला माइक काढला, नारळ खुर्चीवर ठेवला आणि उठून निघून गेले. शाल अंगावरच राहिली. लातूरकरांनी त्या दिवशी बराच वेळ एक नारळ पाहिला.

मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला. घरी जाऊन मीच त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी केबलच्या ऑफिसात आली. बारावीची, दोन वेण्या, छातीशी प्लास्टिकचं फोल्डर. इतकं हळू बोलत होती की चाचांनी पंखा बंद केला. ती लोह्याकडची, लातुरात होस्टेलवर राहून क्लास करायची. मेसमध्ये जेवताना तिनं आमचा कार्यक्रम पाहिला होता.

"ताई, ते सर उठून गेले ना," ती म्हणाली, "त्यांच्या गावचं नाव खाली आलं होतं. माझ्या आईचं माहेर ते. आई नववीपर्यंत त्याच शाळेत होती."

भूकंपाच्या वेळी ही मुलगी चार वर्षांची होती. आजीचं दुखणं म्हणून आई दोन दिवसांसाठी एकटीच माहेरी गेली, आणि त्या माहेरातलं कुणीच उरलं नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं. दुसरी आई चांगली होती, आणि म्हणूनच तिच्यासमोर पहिलीचं नाव कुणी काढत नसे. लग्नाचा एक फोटो होता, त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, चेहरा दिसतच नव्हता.

"मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "आई कशी होती तेवढं सरांना विचारायचं होतं. रविवारी दुपारी आम्हाला सोडतात. अजून तीन रविवार आहेत, मग मी सहामाहीच्या अभ्यासाला घरी जाणार."

ती गेल्यावरही चाचांनी पंखा परत लावला नाही.

मी घरी सांगितलं, त्या मुलीच्या आईचं माहेरचं नाव घेऊन. अण्णा म्हणाले, "मला काय आठवत न्हाई," आणि पेपर वाचायला लागले. पेपर सकाळी वाचून झालेला होता.

पहिल्या रविवारी ती आली. मी काय केलं? दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये स्टुलावर चहा. अक्कल अजून आलेली नव्हती. मुलीनं फोल्डरमधून एक कागद काढला. तिनं प्रश्न लिहून आणले होते. दहा प्रश्न, प्रत्येकाखाली अ, ब, क, ड असे चार पर्याय. दोन वर्षं रोज टेस्ट देणाऱ्या पोरीला प्रश्न विचारायची दुसरी रीतच माहीत नव्हती. तिनं कागद पुढं केला. अण्णांनी तो पाहिला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"आठवत न्हाई, बाळ," ते म्हणाले. ती चहा पिऊन गेली.

दुसऱ्या रविवारी अण्णा घरातच नव्हते. जेवून जे बाहेर पडले ते तिन्हीसांजेला आले. तासभर ती कॉटच्या काठावर बसून राहिली. आईनं तिला शेंगदाण्याची पोळी खायला घातली आणि उगीचच होस्टेलच्या जेवणाची चौकशी केली. जाताना ती मला म्हणाली, "ताई, सरांना त्रास होत असेल तर राहू द्या. पुढच्या रविवारी मी येऊ का नको?"

"यायचं," मी म्हटलं.

अण्णा आले तशी मी उंबऱ्यातच भांडायला उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला आठवत नाही यावर माझा विश्वास नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या कविता तोंडपाठ म्हणता. त्या पोरीला सांगणारं तुमच्याशिवाय जगात कुणी राहिलेलं नाही.

"मनूनच," अण्णा म्हणाले. चपला काढता काढता थांबले होते. "मनूनच भ्या वाटतं. मी चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करायलाबी कुणी न्हाई आता."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी बाजूला झाले. ते हात-पाय धुवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरचा टीव्ही बंद केला. "बेटी, तू मास्तरसाबांना अमेरिका लावून राहिलीस. त्यांचं स्टेशन ते न्हाईच. त्यांची कुर्सी कुठं असती, ते बघ आधी."

घरी येऊन मी आईला विचारलं, अण्णा तुझ्याशी पहिल्यांदा कधी बोलले? आई भाकरी थापता थापता हसायला लागली. "मला बगायला आले तवा तोंड वर केलं न्हाई. माझा बाप मनला, पोरगा मुका हाय का काय. मग यांनी माझी शाळेची वही मागितली. खिशातून लाल पेन काढला आन वही तपासत बसले. मी बाजूला हुबी. तपासत तपासत सगळं इचारलं. काय आवडतं, किती शिकायचंय. मान खालीच. लई बोलले त्या दिवशी. वहीत सतरा चुका काढल्या माझ्या."

"आणि तू हो म्हणालीस?"

"सतराच्या सतरा बरोबर काढल्या होत्या की," आई म्हणाली.

मला एकदम लहानपण आठवलं. नांदेडच्या घरी वह्यांच्या गठ्ठ्यापुढं बसलेले अण्णा, आणि त्यांच्या उजव्या हाताशी उभी मी. तेव्हाच ते बोलायचे. वही तपासताना. शाळेत काय झालं, कुठल्या झाडावर पोपटाची ढोली आहे, कोण पोरगी निबंधात काय लिहिते. बघायचे वहीकडं आणि बोलायचे माझ्याशी. भूकंपानंतर वह्या घरी आणणं त्यांनी बंद केलं होतं. शाळेतच तपासायचे. आम्ही कुणी ते लक्षातही घेतलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी सेट लावला. समोरची खुर्ची काढून बाहेर ठेवली. भावाचं अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी भिंतीला लावलं, त्याला एकच खुर्ची. भावाच्या मराठीच्या वह्या आणि लाल पेन वर ठेवला. भावाला म्हटलं, तू मित्राकडं जा. अण्णांना म्हटलं, याचं मराठी फार कच्चं आहे, क्लासवाले तिकडं बघतच नाहीत, जरा तपासा. हे खोटं नव्हतं.

अण्णा बसले. पेन उघडला. दोन पानं झाली असतील, तेवढ्यात ती आली. दारातच थांबली. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून कुठं जावं ते तिला कळेना. मी आत आईपाशी जाऊन उभी राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून मला फक्त अण्णांची एक बाजू दिसत होती.

अण्णांनी वर पाहिलं नाही. "हिकडं ये," ते म्हणाले. "उजव्या बाजूला. उजेड अडवू नको."

ती जाऊन उभी राहिली. अण्णांनी भावाची वही मिटली. मग शर्टाच्या खिशातून तो कागद काढला. चार घड्या घातलेला. आई माझ्या कानाशी म्हणाली, "रोज शर्ट बदलताना ह्या खिशातून त्या खिशात घालतात." त्यांनी कागद टेबलावर पसरला, तळहातानं सपाट केला आणि पेपर तपासायला घेतल्यासारखं पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

आई दिसायला कशी होती? अ) गोरी, ब) सावळी, क) गव्हाळ, ड) सांगता येत नाही. त्यांनी 'ब'वर बरोबरची खूण केली. "सावळी. तुझ्याहून थोडी जास्त. उन्हात फिरायची."

दुसरा प्रश्न अभ्यासाचा होता. त्यांनी 'मध्यम'वर खूण केली. पोरीचा चेहरा पडला असणार, कारण अण्णा लगेच म्हणाले, "गणितात कच्ची. पण कविता दोनदा ऐकली की पाठ. मी सरासरी काढली."

तिसरा. आईचा स्वभाव कसा होता? अ) शांत, ब) रागीट, क) हसतमुख, ड) लाजाळू. पेन थांबला. मग त्यांनी चारही पर्यायांवर एकच तांबडी रेघ ओढली.

"चारी चूक," अण्णा म्हणाले. "हा प्रश्न रद्द. ऐक आता."

आणि ते बोलायला लागले. मान वही तपासताना असते तशीच, खाली. तुझी आई वही तपासून घ्यायला आली की इथंच, उजव्या हाताला उभी राहायची आणि स्वतःची वही सोडून गठ्ठ्यातल्या खालच्या वह्या ओढून वाचायची. सर, तिचं बी चुकलंय, त्याचं बी चुकलंय. अर्ध्या मार्कासाठी मधली सुट्टीभर भांडायची. आणि मी दिला अर्धा मार्क, की म्हणायची, राहू द्या सर, मला फकस्त बरोबर होतं का तेवढं पाहिजे होतं. नववीत लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या बापाकडं गेलो होतो. बापानं चहा दिला, ऐकून घेतलं आणि मांडव घातला. शाळा सोडताना वह्या परत न्यायला आली, त्यातली एक माझ्याकडंच ठेवून गेली. मनली, तुमाला तपासायला काय तरी पाहिजे की. ती वही खोलीत होती माझ्या. खोली गेली.

हे सांगताना मध्ये मध्ये ते पुढच्या प्रश्नांवर खुणा करत होते. गाणं म्हणायची का, अ. आवडता खाऊ कोणता, ड, यांपैकी नाही, कच्ची चिंच. मुलगी एक शब्द बोलली नव्हती. माझी आई पदरानं डोळे पुसत होती आणि मी भिंतीला टेकून खाली बसले होते.

दहावा प्रश्न आला. तो मी पहिल्या रविवारीच कागदावर वाचला होता, आणि त्याची मला भीती वाटत होती. आई माझ्याबद्दल कुणाशी काही बोलली होती का? अ) हो, ब) नाही, क) आठवत नाही, ड) माहीत नाही.

अण्णांनी पेन टेबलावर ठेवला. चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला. परत पेन उचलला आणि 'अ'वर खूण केली. ती खूण वाकडी आली.

"मी गणपतीला नांदेडला निघालो त्या दिवशी ती मला फाट्यावर भेटली," ते म्हणाले. "आईसाठी औषध आणायला आली होती. एसटीला टाइम होता. मी मनलं, एकटीच आलीस? पोरीला आणायचं होतं की. तर हसायला लागली. मनली, नको सर, एसटीत ड्रायव्हरलाबी बोलू देत न्हाई ती. चार वर्साची हाय, पण तोंड मिटत न्हाई. झोपेतबी बोलती. जरा मोठी झाली की तुमच्याच शाळेत घालते, तुमीच तिला गप करा. मी मनलं, पाठव, करतो. मग एसटी आली."

खाली गल्लीतून कुल्फीवाला गेला.

"मी बोलायचे?" मुलीनं विचारलं. तिचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"लई," अण्णा म्हणाले.

मग ती रडली. टेबलाचा काठ धरून, लहान मूल रडतं तसं, आवाज काढून. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती त्यांची रीतच नव्हती. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, मार्क देतात तिथं, फक्त सही केली आणि कागद तिच्या बाजूला सरकवला. रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं, आणि हुंदके देता देताच बोलायला लागली. होस्टेलबद्दल, सकाळच्या पाण्याच्या रांगेबद्दल, फिजिक्सच्या सरांच्या बोलण्याच्या लकबीबद्दल, लोह्याच्या घरी आलेल्या लहान भावाबद्दल, तिला डॉक्टर व्हायचंय की नाही हे तिलाच माहीत नाही त्याबद्दल. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं सुरू. पाच वाजले, होस्टेलची वेळ झाली. आई तिला आठवण करून द्यायला निघाली तर मी आईचा पदर धरला.

मला इथून अण्णांचा चेहरा दिसत होता, जपानच्या कार्यक्रमात कोपऱ्यातल्या चौकटीत दिसतो तसा. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं होतं. खुर्ची वळवून, मान वर करून, ते तिच्याकडं बघत होते. तिच्या आईला त्यांनी कबूल केलं होतं की हिला गप्प करतो. ती बोलत राहिली, आणि अण्णांनी तिला गप्प केलं नाही.